पत्त्यावरून नाव

पुंता अरेनास. एप्रिलचा पहिला सोमवार, पहाटेचे तीन चाळीस.
यास्ना कार्कामो वॉर्डातून फोन करते:
"नेवेंका, लॅबचे रिपोर्ट उघडत नाहीत.
पासवर्ड घेतं, आणि मग दारातच उभं ठेवतं."

नर्सबाईने एका वाक्यात निदान केलं होतं.
मला कळायला तास लागला.

मी तळघरात. वर सामुद्रधुनीचा वारा
छपराच्या पत्र्याखाली बोटं घालून बघतोय
कुठे काय सैल आहे.
मीही तेच करतेय.

आधी घड्याळ.
शनिवारी रात्री सांतियागोने काटे मागे घेतले. आम्ही घेत नाही.
म्हणून दरवर्षी या आठवड्यात जे बिघडेल
त्याचा आळ घड्याळावर.
कर्बेरॉसला पाच मिनिटांहून जास्त फरक खपत नाही, खरंच;
पण दोन्ही यंत्रांत अंतर निघालं अर्ध्या सेकंदाचं.
चोर सोडून संन्याशाला.

मग किल्ली.
तिजोरीत सातवी, डिरेक्टरीकडेही सातवीच.
फाईल वाचायची परवानगी? आहे.
मग तिकीट मागितलं. लगेच मिळालं, दहा तासांचं:
तू तूच आहेस, मान्य.
दुसरं मागितलं, आत जायचं. नाही मिळालं:
ज्याच्याकडे जायचं म्हणतेस
त्या नावाचं इथे कोणी नाही.

कोणी नाही!
त्याचा पंखा माझ्या गुडघ्यावर गरम श्वास सोडतोय,
आणि जामीनदार म्हणतो, कोणी नाही.

नोंद मी दहा वेळा वाचली, म्हणजे
त्यातली चूक वाचली.
अकराव्या वेळी नाव वाचलं.

अल्बात्रोस.

अल्बात्रोस चार वर्षांपूर्वी उतरवला.
स्क्रू मी काढले, बॅटरी धरली होती एलेउतेरिओ मान्सियाने.
यंत्रांना पक्ष्यांची नावं द्यायची त्याची खोड;
नव्याचं नाव काइकेन, पाणथळीतल्या हंसाचं,
पण पत्ता जुनाच दिलेला, त्याच घरट्यात बसवलेला.

काइकेन कुठे राहतो? बरोबर सांगतात.
इथे कोण राहतं? अल्बात्रोस.
आणि तिकीट मागण्याआधी यंत्र
एकदा वळून पत्त्यालाच नाव विचारतं.
काल संध्याकाळी वीज गेली, परत आली,
तेव्हा नावांचा राखीव सर्व्हर उठला तो
चार वर्षांपूर्वीची वही मांडीवर घेऊन.

वही उघडली. त्या ओळीच्या वर
एलेउतेरिओची टीप:
*वॉर्डात अजून हेच नाव सांगतात. घाईने काढू नये.*

एक आडवाट होती. सेटिंगमध्ये एक शब्द,
की पत्त्याला नाव विचारूच नकोस.
पुष्कळ जण तेच करतात. मीही केलंय, दुसरीकडे, दिवसाढवळ्या.

एलेउतेरिओ आता पलीकडे पोर्वेनिरला असतो, मुलीकडे.
फेब्रुवारीत फेरीने गेले होते.
दारात त्याने मला मिरता म्हणून हाक मारली,
ती त्याची बहीण, कधीच वारलेली.
मी ओ दिली.
काय करणार? चहा ठेवला होता त्याने.

यंत्र मात्र ओ देत नाही.
हे त्याच्या बाजूने बोलणं आहे, तक्रार नाही.

ओळ दुरुस्त केली. वहीचा क्रमांक एकाने वाढवला,
नाहीतर दुसरा सर्व्हर विश्वास ठेवत नाही.
जुनी ओळ पुसली नाही, तिच्यापुढे अर्धविराम ठेवला;
अर्धविरामापुढचं यंत्र वाचत नाही.
टीप होती तशीच आहे.

जुनी तिकिटं फाडली. नवं मागितलं.
काइकेन. मिळालं.

चार बावन्न. फोन.
"उघडलं," यास्ना म्हणाली. मग नुसता श्वास, मग
"एकोणीस नंबरचं पोटॅशियम सहा पूर्णांक आठ.
कोण ड्युटीवर आहे आज? ओयार्सो का? अरे देवा."
फोन तिने ठेवला नाही, टेबलावर टाकला;
मला तिचे बूट ऐकू आले, कॉरिडॉरभर,
आणि मग पत्रा.